कोंबडा, नऊवारी आणि पोटरीतला गोळा

पूर्वी आम्ही बायका भेटलो की लोणच्याच्या कृती निघायच्या. आता पायांचे विषय निघतात. कुणाचा गुडघा, कुणाची टाच, आणि सगळ्यात जास्त म्हणजे झोपेत पोटरीत येणारा गोळा. एकीने तिचा किस्सा सांगितला की दुसरी लगेच म्हणते, "हे काहीच नाही, माझं ऐक." रोज झोपण्यापूर्वी दोन ओळी लिहून ठेवायची मला जुनी सवय आहे. मागच्या वर्षीच्या आषाढ-श्रावणातली पानं चाळली, तर त्यात पावसापेक्षा पेटके जास्त निघाले.

आमचा ग्रुप ठाकुर्लीचा. श्रावणात आम्ही मंगळागौरीचे खेळ करतो. नव्या नवरीची पूजा झाली, जेवणं झाली की नऊवारीत आम्ही उतरतो. फुगड्या, झिम्मा, पिंगा, लाटण्यांचे खेळ, सुपांचे खेळ. ग्रुप उभा केला कुसुमताईंनी. शाळेतून निवृत्त झाल्या त्याच वर्षी. साठी उलटली आहे, पण 'कोंबडा' अजून त्यांचाच. म्हणजे उकिडवं बसायचं आणि तशाच उड्या मारत, कोंबड्यासारखी मान हलवत, सगळ्या बायकांमधून गोल फिरून यायचं. तिशीतल्या मुली अर्ध्या फेरीत खाली बसतात. कुसुमताई फेरी पूर्ण करतात आणि जाता जाता एखाद्या सासूबाईंना चोचही मारून येतात.

एकदा कोणीतरी सुचवलं, ताई, आता कोंबडा धाकट्यांना द्या, तुम्ही गाणी म्हणा. त्या म्हणाल्या, "आज गाणी म्हणायला बसवाल, उद्या खुर्चीवर टाळ्या वाजवायला, परवा फोटोत." विषय संपला.

तर गोष्ट या कोंबड्याची आहे.

*

श्रावणातला आमचा पहिला कार्यक्रम कल्याणला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना, म्हणजे कुसुमताईंचे यजमान, स्वतः आमच्या प्रॅक्टिसच्या हॉलवर आले. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यामुळे तक्रार मुद्देसूद करतात.

"पहाटे हिच्या पोटरीत गोळा आला," ते म्हणाले. "आणि हिने मला हाक मारली, मधू!"

आम्ही सगळ्या कुसुमताईंकडे बघायला लागलो. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती. नानांचं नाव मधुकर आहे हेही आम्हाला त्या दिवशी कळलं.

"मग तुम्ही काय केलंत?" शीलाने विचारलं.

"दचकून उभा राहिलो आणि म्हणालो, आलो साहेब."

कुसुमताई वैतागून म्हणाल्या, "ते राहू द्या. पुढचं सांगा की."

पुढचं असं, की नानांनी अंधारात बायकोचा पाय धरला आणि जिवाच्या आकांताने चोळला. कुसुमताईंच्या तोंडून वेदनेने शब्द फुटेना, फक्त हात हलवत होत्या. नानांना वाटलं, आणखी जोरात म्हणतेय. बऱ्याच वेळाने गोळा आपोआप उतरला तेव्हा त्यांना बोलता आलं, "दुसरा पाय होता."

त्या दिवशी कुसुमताई दोन्ही पायांनी लंगडत होत्या. एक गोळ्यामुळे, एक नानांमुळे.

खालच्या मजल्यावरच्या बाई मात्र आठवडाभर चौकशी करत होत्या, हे मधू कोण?

*

हा किस्सा इतका रंगला की तो घोडबंदर रोडला पोचला. तिथे कुसुमताईंचा मुलगा मंदार राहतो, उंच टॉवरमध्ये, बायको सईबरोबर. दोघं आयटीत. मंदार चांगला मुलगा आहे, पण काळजी करायला लागला की मॅनेजरसारखा बोलतो.

कुसुमताईंचा फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "आई, मागच्या श्रावणात गोळा आला तेव्हा तू घाईत पलंगावरून उतरताना पडलीस. कोपर सुजलं होतं. या वेळी नशिबाने वाचलीस. पुढच्या वेळी हाड मोडलं तर?"

"तुझे बाबा धरतात मला."

"ते दुसरा पाय धरतात."

इकडे शीलाने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला.

मग त्याने अट घातली. श्रावणाच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याच कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये आमचा कार्यक्रम ठरलेला होता. मंगळागौर खरी मंगळवारची, पण घोडबंदर रोडला ती रविवारी येते. मंदार म्हणाला, "तो कार्यक्रम कर. पण तोपर्यंत हे गोळे थांबले नाहीत, तर तो शेवटचा. मग मंगळागौर बंद. मी सीरियसली सांगतोय."

कुसुमताईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, झिम्मा." पण त्या दिवशी त्या झिम्म्यात दोनदा चुकल्या. त्या कधी चुकत नाहीत.

*

उपायांची जबाबदारी शीलाने घेतली. शीलाच्या फोनवर जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक मेसेज असतो. तिने सांगितलं, चादरीखाली पायाशी साबणाची वडी ठेवून झोपायचं, गोळा येत नाही.

"कुठला साबण?" कुसुमताईंनी विचारलं. शाळेत शिकवलेल्या माणसाला अर्धवट सूचना चालत नाही.

मेसेजमध्ये तेवढं नव्हतं. मग चर्चा झाली. कपड्यांचा नको, त्याने चादर खराब होईल. शेवटी दिवाळीतली उरलेली चंदनाची वडी ठेवायचं ठरलं.

नानांनी त्यात स्वतःची भर घातली. शेकाने पोटरी सैल राहते असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी त्याच ठिकाणी गरम पाण्याची रबरी पिशवीही ठेवली. पिशवी जुनी. तिचं बूच सैल.

सकाळी कुसुमताई उठल्या तर पायाशी गुडघाभर फेस आणि खोलीभर चंदनाचा वास. नाना पलीकडे शांत झोपलेले, पायजमा पांढराशुभ्र.

"गोळा आला का?" आम्ही विचारलं.

"आला की. पण घसरून गेला."

नाना म्हणाले, "माझी मात्र आंघोळ वाचली."

*

मग केळ्यांचा आठवडा झाला. पेटक्यावर केळी चांगली, हे आमच्यातल्या प्रत्येकीने कुठून ना कुठून ऐकलं होतं. कार्यक्रमाला जाऊ तिथे यजमानीण ओटी भरायची, तर शीला आधीच फोन करून सांगायची, "नारळाऐवजी केळी चालतील हो." कुसुमताई केळी घेऊन घरी यायच्या, खायच्या, झोपायच्या, आणि पहाटे मधूला हाक मारायच्या.

या आठवड्यात हेमांगीने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. हेमांगी आमच्यातली सगळ्यात दणकट फुगडीवाली. माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, कोळ्यांचं. ती स्वतः बँकेत आहे, पण वडील अजून होडी घेऊन जातात.

एकदा जाळं टाकून भरतीची वाट बघत सगळे होडीत आडवे झाले होते. वडिलांना डुलकी लागली आणि झोपेतच पोटरीत गोळा आला. त्यांना एवढं माहीत होतं की उभं राहून तळपाय जमिनीला टेकवला की तो उतरतो. ते ताडकन उठले आणि होडीच्या फळ्यांवर पाय आपटायला लागले. होडी डुलायला लागली. बाकीच्यांना वाटलं, जाळ्यात काहीतरी प्रचंड सापडलंय. सगळे ओरडत उठले आणि जाळं ओढायला लागले. शेजारच्या होडीतले दोघं मदतीला आले.

"मग?" आम्ही विचारलं.

घरच्या गोष्टी सांगताना हेमांगी घरच्या बोलीत जाते. ती म्हणाली, "मंग काय. जाल्यान काय नव्हता. पायान गोला होता."

कुसुमताई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. मग हेमांगीने त्यांना सुकट खायचा सल्ला दिला.

"श्रावणात?" कुसुमताईंनी डोळे मोठे केले.

"मी तरी कुठे खातेय श्रावणात? मला येत नाहीत ना पण गोळे."

*

शेवटी डॉक्टर. कुसुमताई एकट्या जायला तयार नव्हत्या आणि नानांना नेलं तर ते सगळं स्वतःच सांगतात, म्हणून मी बरोबर गेले. तरी नाना आलेच.

डॉक्टरांनी नीट तपासलं. कुठली औषधं घेता, चालता किती, पाय सुजतात का, मुंग्या येतात का. रक्ताच्या तपासण्या केल्या, त्या सगळ्या ठीक निघाल्या. ते म्हणाले, "खरं सांगायचं तर पुष्कळदा नक्की कारण सापडत नाही. वय, थकलेले स्नायू, काही औषधं, पाणी कमी पडणं, काहीही असू शकतं. तुम्ही पाणी पुरेसं पिता ना?"

"भरपूर," कुसुमताई म्हणाल्या. "तांब्या उशाशीच असतो."

नानांनी मान डोलावून साक्ष दिली.

डॉक्टरांनी गोळा आल्यावर काय करायचं ते दाखवलं. गुडघा सरळ ठेवायचा आणि पायाची बोटं हळूहळू स्वतःकडे ओढायची. कोणी मदतीला असेल तर त्याने चवडा धरून वर दाबायचा. किंवा उभं राहून तळपाय पूर्ण टेकवायचा. मग चोळायचं, शेकायचं. आणि झोपण्याआधी रोज व्यायाम. भिंतीला दोन्ही हात टेकायचे, एक पाय मागे सरळ ठेवायचा, टाच उचलायची नाही, आणि भिंत ढकलल्यासारखं करायचं.

नानांनी विचारलं, "मदत करणाऱ्याने पाय कसा ओळखावा?"

डॉक्टर म्हणाले, "विचारावा."

व्यायाम दोघांनी मिळून करायचा, असं नानांनी ठरवलं. त्या संध्याकाळी दार उघडंच होतं. समोरचे गृहस्थ कचरा ठेवायला बाहेर आले तर नाना आणि कुसुमताई दोघंही हॉलच्या भिंतीला हात लावून, दातओठ खाऊन उभे. आमच्याकडे निम्म्या इमारतींना धोकादायक म्हणून नोटिसा आल्या आहेत. गृहस्थ कचऱ्याची बादली तिथेच टाकून आत धावले आणि नानांच्या शेजारी उभं राहून भिंत धरली.

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "नाना, बाकीच्यांना खाली उतरायला सांगू का?"

*

व्यायामाने फरक पडला. प्रॅक्टिसच्या दिवशी गोळे येईनासे झाले. पण कार्यक्रम असला की दुसऱ्या दिवशी पहाटे गोळा हटकून यायचा. आम्हाला वाटे, ताई कार्यक्रमात जास्त जोर लावतात. कुसुमताई म्हणत, प्रॅक्टिसला तर मी कोंबडा चार-चारदा घेते, कार्यक्रमात एकदाच. ते खरं होतं. रविवार जवळ येत होता. एकदा मला म्हणाल्या, "शुभा, कोंबडा तू बसवून घे. माझ्यादेखत शिकलेला बरा." मी ऐकलंच नाही असं केलं.

मग डोंबिवलीचा कार्यक्रम आला. तिथे सुपं, लाटणी, घागरी उचलायला म्हणून नाना बरोबर होते. त्या घरच्या आजी प्रेमळ होत्या. आम्ही पोचल्या पोचल्या कोकम सरबताचा ट्रे घेऊन आल्या. आम्ही एका सुरात म्हणालो, "नको नको, नेसलेलं आहे."

आजींनी समजून ट्रे परत नेला. नानांना समजलं नाही.

"नेसलेलं आहे म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

कुसुमताईंनी त्यांना बाजूला घेतलं, पण आवाज शाळेचा, सगळ्यांना ऐकू आलं. "अहो, नऊवारी एकदा चापूनचोपून नेसली की बाथरूमला जाता येत नाही. सोडून परत नेसायची तर अर्धा कार्यक्रम होतो. म्हणून नेसल्यापासून पाणी प्यायचं नसतं."

"आणि नेसता कधी?"

"सकाळी."

"आणि सोडता?"

"रात्री घरी आल्यावर. मग इतकी दमते, की तशीच आडवी होते."

नानांनी हातातली सुपं खाली ठेवली. "म्हणजे दिवसभर घाम गाळायचा, कोंबडा करायचा आणि पाण्याचा थेंब नाही. मग डॉक्टरांना भरपूर म्हणालीस ते कुठलं पाणी?"

कुसुमताईंनी पदर सारखा केला.

"ते गाऊनवर असतानाचं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यातल्या निम्म्या जणी पहाटे पाय धरून बसत होत्या. हेमांगीला विचारलं, तुला कसा नाही येत? ती म्हणाली, "मी पिते ना पाणी. जमवते कसंतरी. तुम्ही कधी विचारलंच नाही."

*

आता उपाय एकच होता आणि तो कुसुमताईंना मान्य नव्हता. शिवलेली नऊवारी मिळते. पायात घालायची, कमरेला हूक लावायचा, झालं. वर्षानुवर्षं त्या तिला 'पायजमा' म्हणत आल्या होत्या. शिवलेली घालून आलेल्या मुलीला त्यांनी एकदा दारातूनच परत पाठवलं होतं.

रविवारच्या आधी त्या मला घेऊन ठाकुर्लीतल्या टेलरकडे गेल्या. पिशवीत जांभळी इरकल होती, त्यांच्या आईची. काठ जरा विरले होते, पण रंग तसाच. पहिला कोंबडा त्यांनी तीच नेसून केला होता, माहेरच्या मंगळागौरीला.

टेलरने साडी पसरली, खडूने खुणा केल्या आणि कात्री हातात घेऊन विचारलं, "मावशी, नक्की कापू ना? परत जोडता नाही येणार."

कुसुमताई रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "काप," म्हणाल्या. "आणि हूक मजबूत लाव. उड्या मारायच्या आहेत."

परत येताना कोपऱ्यावर म्हणाल्या, "आईसुद्धा दिवसभर पाणी प्यायची नाही. तिचेही पाय दुखायचे. आम्हाला वाटायचं, वयाने."

*

रविवारी मंदार स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. मंडळी जास्त, म्हणून दुसरी गाडी सईची. मी कुसुमताई आणि नानांबरोबर मंदारच्या गाडीत होते. घोडबंदर रोडला लागलो आणि थांबलो. पुढे मेट्रोचं काम, मागे कंटेनर. गाडी इतका वेळ एकाच जाहिरातीसमोर उभी होती की नानांना त्या फ्लॅटच्या सगळ्या सोयी पाठ झाल्या.

कुसुमताई मजेत बाटलीतलं पाणी पीत होत्या. त्यांनी मंदारपुढे बाटली धरली.

"नको आई. आत्ता नको."

"सकाळपासून काही प्यायलास का?"

"पोचल्यावर बघू. आणि आई, ते आपलं ठरलेलं लक्षात आहे ना? आज शेवटचं."

"गोळा आला तर," कुसुमताई म्हणाल्या.

"डोंबिवलीच्या कार्यक्रमानंतर आलेला. बाबांनी सांगितलं मला."

कुसुमताईंनी नानांकडे पाहिलं. नाना जाहिरात वाचायला लागले.

कार्यक्रम फार छान झाला. कुसुमताई मधल्या वेळात तीनदा सरबत मागून प्यायल्या आणि तितक्याच वेळा, सगळ्यांना सांगून, क्लबहाउसच्या बाथरूमला जाऊन आल्या. कोंबड्याची एक फेरी झाल्यावर बायकांनी टाळ्यांचा ठेका सोडला नाही, म्हणून त्यांनी दुसरीही घेतली. टॉवरमधल्या एका तरुण मुलीने जमिनीवर बसून तिचा व्हिडिओ काढला, तर ताईंनी तिच्या फोनलाच चोच मारली. हूक टिकला.

नंतर आम्ही सगळ्या मंदारच्या घरी चहाला वर गेलो. मंदार आमच्या आधी येऊन सोफ्यावर आडवा झाला होता, बुटांसकट झोपलेला. आम्ही आवाज न करता जमिनीवर बसलो. सई चहा टाकायला गेली.

कुसुमताई माझ्या कानात म्हणाल्या, "उठला की परत सुरू होईल बघ."

तेवढ्यात मंदार किंचाळला. सोफ्यावर अर्धवट उठून त्याने पोटरी धरली, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. आम्ही नऊवारीतल्या सगळ्या बायका एकदम उठलो. कुसुमताई सगळ्यात आधी पोचल्या.

"आधी पाय विचार!" नाना बाल्कनीतून ओरडले.

"दिसतोय मला," म्हणत कुसुमताईंनी बूट ओढून काढला, त्याचा गुडघा सरळ केला, चवडा धरला आणि बोटं हळूहळू त्याच्याकडे वळवली. दाब तसाच ठेवून त्या पुटपुटत होत्या, "सोड, श्वास सोड, झालं, झालं." हळूहळू त्याचा चेहरा सुटला. हेमांगीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो एका दमात संपला. दुसराही.

कुसुमताई त्याच्या पायाशीच बसून राहिल्या, पोटरी चोळत.

"पाणी का पीत नाहीस?"

"गाडी चालवायची असली की नाही पीत," मंदार कसाबसा म्हणाला. "मध्येच अडकलो तर जाणार कुठे? बघितलंस ना तू आज."

"आणि ऑफिसला जाताना?"

"तेव्हाही तसंच. येतानाही."

सई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "आई, आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो गोळा. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता."

कुसुमताईंनी त्याचा पाय अलगद खाली ठेवला. इरकलीचा काठ सारखा केला. चहाचा कप उचलला, फुंकर मारली.

"मंदार," त्या म्हणाल्या, "मग नोकरी सोड."